दवाखान्यात मास्क: सर्दी-खोकल्याच्या हंगामात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा दवाखाना चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. अडावद-धानोऱ्याकडचे केळीवाले शेतकरी, पाड्यांवरून उतरून आलेली पावरा आणि भिल्ल कुटुंबं, सणाला सुरतेहून गावी आलेले लूमवरचे कामगार, सगळे एकाच व्हरांड्यातल्या बाकांवर नंबर लावून बसतात. खोकल्याची साथ चढली की त्या बाकांवर बसणाऱ्या प्रत्येकाला आम्ही मास्क लावायला सांगतो. त्यावरून केस पेपरच्या खिडकीवर रोज तेच तेच प्रश्न येतात. गर्दीत उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहोत.

कोरोना संपला, सक्तीही गेली. मग आता मास्क कशाला?

सक्ती गेली हे खरं आहे. राज्यात २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, मास्क ऐच्छिक झाला. बाजारात, एसटीत, लग्नात मास्क लावा असं आम्ही कुणालाही सांगत नाही. आमचं म्हणणं फक्त दवाखान्यापुरतं आहे, कारण इथल्या बाकावर शेजारी शेजारी कोण बसतं ते आम्ही रोज पाहतो.

जानेवारीतल्या एखाद्या सकाळी दहा वाजता व्हरांड्यात या. बाकाच्या एका टोकाला सात वर्षांचा मुलगा आहे, दोन दिवसांपासून फणफणलेला, नाक वाहतंय, आईच्या मांडीवर डोकं ठेवून खोकतोय. त्याच्या शेजारी एक आजी. चाळीस वर्षं चुलीपुढे बसून तिची छाती धुराने खराब झालेली, दहा पावलं चालली तरी धाप लागते. तिच्या पलीकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या गोळ्या न्यायला आलेली कॉलेजातली मुलगी. शेवटी आठवा महिना लागलेली सून, नुसती तपासणीला आलेली, तिला काहीच झालेलं नाही. मुलगा चार-पाच दिवसांत उड्या मारायला लागेल. पण त्याच्याकडचा फ्लू आजीला लागला तर तिला थेट ऑक्सिजनवर ठेवायची पाळी येऊ शकते. गरोदर बाईलाही फ्लू इतरांपेक्षा जास्त त्रास देतो.

इतके अशक्त आणि इतके खोकणारे लोक एका छपराखाली तासभर बसतात, अशी जागा गावात दुसरी नाही. बाजारात माणूस चालता असतो आणि वर आभाळ असतं. इथे तो हलूही शकत नाही, नंबर जाईल म्हणून.

हंगाम म्हणजे नेमका कधी?

आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा वर येतो: पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि थंडीच्या उतरत्या भागात, जानेवारी ते मार्च. ओपीडीत खोकल्याचे पेशंट वाढले की आम्ही दाराशी पाटी लावतो, उतरले की काढतो. वर्षभर पाटी लावून ठेवली तर तिच्याकडे कुणी पाहणार नाही, हेही आम्हाला कळतं. मात्र ज्याला स्वतःला खोकला आहे त्याने कोणत्याही महिन्यात मास्क लावावा.

"माले काय व्हस?" मी ठणठणीत आहे. खोकणाऱ्याने लावावा, मी कशाला?

यातलं अर्धं अगदी बरोबर आहे. पहिला मास्क खोकणाऱ्याचा. दक्षिण आफ्रिकेत एका इस्पितळात यावर एक प्रयोग झाला होता, त्याचा निकाल २०१२ मध्ये छापून आला. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या पेशंटच्या वॉर्डातली हवा नळ्यांनी दोन खोल्यांत सोडली. प्रत्येक खोलीत ९० गिनीपिग होते. पेशंटनी एक दिवस साधा सर्जिकल मास्क लावायचा, दुसऱ्या दिवशी नाही, असं आलटून पालटून तीन महिने चाललं. बिनमास्कच्या दिवशीची हवा ज्यांना मिळाली त्या ९० पैकी ६९ जनावरांना लागण झाली. मास्कच्या दिवशीची हवा मिळालेल्या ९० पैकी ३६ जणांना. तोंडापाशीच अडवलं की इतका फरक पडतो.

उरलेलं अर्धं मात्र पटत नाही. फ्लू झालेला माणूस अंग कणकणायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्यांना लागण देत असतो आणि पुढे पाच ते सात दिवस देतो. म्हणजे आज ठणठणीत वाटणारे जिभाऊ उद्या अंथरुणाला खिळू शकतात, आणि आज शेजारच्या आजीला आजार देऊन गेलेले असू शकतात. चेहरा पाहून हे आम्हालाही ओळखता येत नाही. म्हणून साथीच्या दिवसांत बाकावर सगळ्यांनाच मास्क.

मास्कने खरंच फरक पडतो का? काही डॉक्टरच म्हणतात की उपयोग नाही.

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नाही. मास्क वाटून गावागावांत काय फरक पडला, हे मोजणारे अभ्यास झाले. काहींत फरक दिसला, काहींत स्पष्ट दिसला नाही. ज्यांत दिसला नाही, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी लोकांनी मास्क नीट किंवा सतत लावलेलाच नव्हता.

आपल्या परिस्थितीला सगळ्यांत जवळचा अभ्यास बांगलादेशातला आहे. तिथे २०२०-२१ मध्ये ६०० गावं आणि ३ लाख ४० हजारांवर प्रौढ माणसं घेतली. निम्म्या गावांत मास्क वाटले, समजावून सांगितलं, पुन्हा पुन्हा आठवण केली. तेव्हा कुठे मास्क लावणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. एवढ्यानेसुद्धा सर्जिकल मास्कच्या गावांत लक्षणांसह कोरोना झालेल्यांचं प्रमाण सुमारे ११ टक्क्यांनी घटलं, आणि साठीच्या वरच्या माणसांत सुमारे ३५ टक्क्यांनी. म्हाताऱ्या माणसांचा हा आकडा आम्हाला फार मोलाचा वाटतो. आमच्या बाकावर तीच जास्त असतात.

मास्क लावला म्हणजे आजार होणारच नाही, असं आम्ही कधीच म्हणणार नाही. लागण्याची शक्यता कमी होते, आणि ती कमी करायला खर्च काही रुपयांचा आहे.

साधा सर्जिकल घ्यावा की एन-९५?

बाकावर बसणाऱ्या बहुतेकांना तीन पदरी सर्जिकल पुरतो. त्याचा बाहेरचा पदर पाणी अडवतो, आतला पदर तोंडाची वाफ शोषतो, आणि खरं काम मधला पदर करतो. तो अतिशय बारीक धाग्यांचा असतो आणि त्या धाग्यांवर स्थिर वीज असते, ती कण ओढून धरते. म्हणूनच सर्जिकल मास्क किंवा एन-९५ साबणाने धुऊ नका आणि त्यावर सॅनिटायझर फवारू नका. वरून तो स्वच्छ दिसेल, पण मधल्या पदरातला जोर गेलेला असेल.

एन-९५ हवेतले अत्यंत बारीक कण किमान ९५ टक्के अडवतो, पण चेहऱ्याला चारी बाजूंनी घट्ट बसला तरच. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. डायलिसिसचे, कॅन्सरची औषधं चालू असलेले पेशंट आणि टीबीच्या वॉर्डात थांबणारे नातेवाईक यांनी एन-९५ घ्यावा. मेडिकलवर पाकिटावर आयएसआयचा शिक्का पाहून मागा. रस्त्यावर ढिगाने मिळणारे, एकच पदर असलेले मास्क उजेडात धरून पाहा. आरपार दिसत असेल तर तो घेऊ नका.

रुमाल, उपरणं, साडीचा पदर, गाडीवर बांधतो तो स्कार्फ चालेल का?

काहीच नसेल तर तेवढा तरी धरा. खोकताना पदर किंवा रुमाल तोंडावर धरण्याची आपल्या आयाबायांची सवय फार चांगली आहे, ती सोडू नका. पण स्कार्फ उन्हासाठी आणि फुफाट्यासाठी असतो. बारीक तुषार त्यातून जातात, आणि धाग्यांत अडकलेली दिवसभराची धूळ आपण पुन्हा नाकाशी आणतो. दवाखान्यात आलात की स्कार्फ सोडा आणि मास्क लावा.

मी जिनिंगमध्ये कामाला आहे. तिथला मास्क लावून आलो तर?

कापसाच्या धुळीसाठी लावता तो इथे आणू नका. तो आधीच धुळीने भरलेला असतो. शिवाय त्यातल्या बऱ्याच मास्कना पुढे गोल व्हॉल्व्ह असतो. त्यातून आत येणारी हवा गाळली जाते, पण तुमचा उच्छ्वास न गाळताच बाहेर पडतो. धुळीच्या कामाला तो ठीक आहे. दवाखान्यात तुमचा खोकला सरळ समोरच्या माणसाच्या तोंडावर जाईल. जिनिंगवर मात्र मास्क जरूर लावत जा.

मास्क नीट लावायचा कसा?

हात धुऊन घ्या. रंगीत बाजू बाहेर, तारेची बाजू वर. दोऱ्या कानात अडकवल्यावर दोन्ही हातांची बोटं तारेवर ठेवा आणि नाकाच्या उंचवट्यापासून गालांकडे दाबत न्या. एका हाताच्या चिमटीने दाबली तर मध्ये टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. मग घड्या खाली ओढून हनुवटीखाली न्या. आता जोरात फुंकर मारा. डोळ्यांकडे वारा आला किंवा चष्म्यावर वाफ धरली तर तार पुन्हा दाबा.

बोलताना मास्क खाली ओढणं ही आपली सगळ्यांत मोठी खोड. डॉक्टरांपुढे बसल्यावर माणूस आदराने मास्क हनुवटीवर घेतो आणि मग खोकत खोकत तक्रार सांगतो. तसं करू नका. आम्हाला मास्कमधून ऐकू येतं, आणि घसा पाहायचा असला की आम्हीच काढायला सांगतो. ओला झाला की बदला. एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की घामाने अर्ध्या तासातही भिजतो.

लहान मुलांना लावावा का?

पाच वर्षांपर्यंत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला तर कधीच नाही, त्याला तो स्वतः काढता येत नाही आणि जीव गुदमरू शकतो. सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला नीट लावता येत असेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली लावा. बारा वर्षांपुढे मोठ्यांसारखाच. खोकणारं लहान मूल घेऊन आलात तर खिडकीवर सांगा, तुम्हाला बाहेर लिंबाखालच्या बाकावर बसवू आणि नंबर आला की हाक मारू.

दमा आहे, मास्कने जीव कोंडतो. ऑक्सिजन कमी होत नाही का?

ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मास्कमधून सहज आरपार जातात. ऑपरेशन करणारे डॉक्टर तासन् तास मास्क लावून उभे असतात. शंका असेल तर सिस्टरकडून बोटाला ऑक्सिमीटर लावून घ्या, मास्क लावून आणि काढून. आकडा पाहिला की मन निवळतं.

पण कोंडल्यासारखं वाटणं खोटं नसतं. छातीचा जुना आजार असलेल्याला एन-९५ मधून श्वास ओढायला खरंच जोर पडतो. त्यांनी सर्जिकल लावावा. ज्यांना बसल्या जागी धाप लागते आहे, त्यांनी मास्कही लावू नये आणि रांगेतही बसू नये. सरळ आत या.

सिकलसेलच्या पेशंटला वेगळी काळजी का सांगता?

सातपुड्याच्या दोन्ही अंगांना, आपल्याकडे चोपडा-यावलपासून धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत, आदिवासी कुटुंबांत सिकलसेल बराच आहे. यात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. साधा वाटणारा खोकला अशा पेशंटच्या फुप्फुसात उतरला तर पेशी तिथेच अडकायला लागतात, छातीत कळा येतात, ऑक्सिजन झपाट्याने खाली येतो. सिकलसेलच्या पेशंटचा जीव जाण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. म्हणून तुम्ही स्वतः मास्क लावा, गर्दी असेल तर सिकलसेलचं कार्ड खिडकीवर दाखवा, आणि ताप आला तर उद्यावर ढकलू नका. रात्र असली तरी या.

मला टीबी आहे. मास्क लावला की गावभर कळतं.

हा प्रश्न विचारताना माणसं आवाज खाली करतात. तुमची भीती आम्हाला कळते. लग्न ठरायचं असलेल्या मुलींनी उपचार अर्धवट सोडलेले आम्ही पाहिले आहेत, केवळ कुणाला कळू नये म्हणून.

म्हणूनच साथीच्या दिवसांत सगळ्यांना मास्क सांगण्यामागे आमचा हाही हेतू आहे. सगळ्यांच्याच तोंडावर असला की तुमच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही.

टीबीचे जंतू बंद खोलीतल्या हवेत तासन् तास तरंगतात. योग्य औषधं नियमित सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत लागण देण्याची शक्यता खूप कमी होते. तोवर घरात आणि दवाखान्यात मास्क, खिडक्या उघड्या, आणि खोकताना तोंड झाकणं. औषध प्रतिकाराचा टीबी असेल तर मुदत डॉक्टर सांगतील. ताट-वाटी वेगळी काढायची गरज नाही, टीबी भांड्यांतून पसरत नाही. दोन आठवड्यांवर खोकला असलेल्या कुणीही थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

पेशंटला भेटायला आलो तर?

आपल्याकडे आप्पा ॲडमिट झाले म्हटलं की काळी-पिवळी भरून माणसं निघतात. डबे येतात, भाकरी-ठेचा येतो, कॉटभोवती दहा जण उभे राहतात. ही माया आहे आणि ती आम्हाला तोडायची नाही. आडवेळी धावून येणारी माणसं आहेत म्हणून इथला पेशंट लवकर सावरतो. पण साथीच्या दिवसांत दोघं आत जा, बाकीच्यांनी अंगणात थांबा आणि पाळीपाळीने या. आत मास्क. ज्याला सर्दी आहे त्याने फोनवर बोलावं.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल मात्र आम्ही कडक आहोत. मोठ्यांना नुसतं पडसं आणणारा विषाणू महिन्याच्या आतल्या बाळाला न्युमोनिया आणू शकतो. बाळाला पाहायला आलेली आत्या कितीही लांबून आली असली तरी नाक वाहत असेल तर बाळ हातात घेऊ नये, आणि मुका तर कुणीच घेऊ नये. हे सुनेने सासरच्या माणसांना सांगणं अवघड असतं. आमच्या सिस्टरला खुणेने सांगा, ती सांगेल आणि वाईटपणा आमच्याकडे राहील.

मलाच फ्लू झाला आहे. बाळाला अंगावर पाजू का?

पाजा. दूध थांबवू नका. हात धुवा, मास्क लावा आणि पाजा. पाजून झालं की बाळ जरा अंतरावर निजवा, शक्य असेल तर घरच्या धडधाकट माणसाजवळ.

आजीला कमी ऐकू येतं. मास्कमुळे डॉक्टरांचं काहीच कळत नाही.

ही खरी अडचण आहे. कमी ऐकणारी माणसं ओठ पाहून समजून घेतात आणि आम्ही ओठच झाकतो. आजीच्या सोबत कुणीतरी या. आधी सांगितलंत तर आम्ही खिडकीजवळ, अंतर ठेवून, सावकाश बोलू आणि गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून देऊ. पाड्यांवरून आलेल्या ज्या पेशंटना मराठी जेमतेम समजते, त्यांच्यासाठी पावरी बोलणारी आशाताई बोलावता येते.

आमच्या लहानपणी हे मास्क नव्हते. हे सगळं कोरोनाने आणलेलं फॅड ना?

घरातल्या जाणत्यांना १९९४ विचारा. त्या वर्षी सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातली हजारो घरं होती आणि आहेत. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव अशा ताप्ती लाइनच्या गाड्यांतून माणसं नाकातोंडाला रुमाल बांधून घरी परतली. पुढे फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच. तेव्हा लाखो कोंबड्या मारायला उतरलेली सरकारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली आणि मास्क लावलेली होती. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्यात बळी घेतला तेव्हा इथल्या मेडिकलवरही मास्क संपले होते. खानदेशाला मास्क कोरोनाच्या खूप आधीपासून माहीत आहे, फक्त दर वेळी भीती ओसरली की आपण तो काढून ठेवतो.

डॉक्टर आणि सिस्टर स्वतः लावतात का?

हंगामात, हो. आम्ही दिवसभर एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणजे आजार वाहून नेण्याची सोय आमच्याइतकी कुणाचीच नाही. आमच्यापैकी कुणाचा मास्क गळ्यात लटकलेला दिसला तर बिनदिक्कत टोका. कुणी रागावणार नाही.

मास्क नसेल तर तपासणार नाही का?

तपासणार. मास्कवाचून कुणालाही दारातून परत पाठवलेलं नाही आणि पाठवणार नाही. अपघात, साप-विंचू, धाप, झटके, बाळंतपण यांत तर कुणी विचारतही नाही.

मास्कशिवाय आणखी काय करता?

खिडक्या उघड्या ठेवतो. थंडीत लोक येता-जाता त्या लावून घेतात, कृपया लावू नका. गोधडी देऊ, पण हवा खेळू द्या. साठीच्या वरचे, गरोदर बाया, मधुमेही, दमेकरी आणि सिकलसेलचे पेशंट यांनी फ्लूची लस दर वर्षी घ्यावी. विषाणू रूप बदलतो, म्हणून गेल्या वर्षीची यंदा पुरत नाही.

वापरलेला मास्क कुठे टाकायचा?

इथे असाल तर पिवळ्या पिशवीच्या डब्यात. घरी असाल तर दोऱ्या कापा, मास्क मधोमध कापा, कागदात गुंडाळून तीन दिवस बाजूला ठेवा आणि मग सुक्या कचऱ्यात टाका. गटारीत, पाटात किंवा केळीच्या बागेत फेकू नका. तो प्लॅस्टिकचाच असतो, कुजत नाही. न कापता टाकला तर कुणीतरी उचलून पुन्हा विकतो, हेही घडलेलं आहे.

घरून निघताना मास्क विसरलो तर?

केस पेपरच्या खिडकीवर डाव्या हाताला डबा ठेवलेला आहे. त्यातला एक घ्या, पैसे नाहीत. सोबत आलेल्यांसाठीही घ्या.